दुबार ओळी काढा

मेलेल्या माणसांशी माझं वैर कधीच नव्हतं. तक्रार होती ती माझ्या गुडघ्यांची. पितरांचा शनिवार आला की आमच्या चर्चमध्ये गावातल्या यच्चयावत मृतांची नावं मोठ्यानं वाचली जातात आणि ती संपेपर्यंत जिवंतांनी उभं राहायचं असतं. भिंतीला लागून सात खुर्च्या आहेत, पण त्या सात म्हाताऱ्यांनी बहुधा माझ्या जन्माआधीच अडवलेल्या आहेत. त्यातली एक माझ्या सासूबाईंची. अग्लायाबाईंना गाडीतून न्यायचं, खुर्चीत बसवायचं आणि परत आणायचं, हे माझ्या लग्नातलं न लिहिलेलं कलम. मधले पावणेदोन तास मी वजन या पायावरून त्या पायावर टाकत काढतो. समोर टेबलावर साखरेचा थर दिलेला गव्हाचा गोड कोलिवा मांडलेला असतो. यादी संपल्याशिवाय त्याला चमचा लागत नाही, त्यामुळे पोटही गुडघ्यांच्या बाजूनं बोलू लागतं.

यादीची पद्धत सोपी आहे. घरातलं कुणीतरी एक चिठ्ठी लिहितं. वर 'जिवंत' असा मथळा, त्याखाली घरच्या जिवंतांची नावं. मग 'मृत' असा मथळा आणि त्याखाली गेलेल्यांची. फक्त पहिलं नाव लिहायचं. आडनाव घालायचं नाही, कारण आमचे पाद्रीबुवा वालेरिउ म्हणतात, वर ओळखतात. या चिठ्ठ्या अकरा वर्षं रुक्सांद्राबाई कॉम्प्युटरवर एकाच लांबलचक फाइलमध्ये उतरवत होत्या. बाई मेहनती, पण चर्चचं बाकीचं टिपणही त्याच फाइलमध्ये करायच्या. मग त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि फाइल मागे राहिली.

नेकुलाय हा आमच्या चर्चचा पाठक. गळा उत्तम, डोळे अधू आणि कागदावर असेल ते वाचायचं हा बाणा. नाताळाआधीच्या एका शनिवारी तो नेहमीच्या गंभीर सुरात वाचत होता, "गेओर्गे, इलेआना, सिमेंट दोन पोती, झोए." माझ्या शेजारच्या बाईंनी सिमेंटसाठी क्रूसाची खूण केली. पुढच्या पानावर साठ वॅटच्या चार दिव्यांना आणि 'नळवाल्याला फोन करणे' यांनाही चिरशांती मागण्यात आली. आयुष्यात पहिल्यांदाच मला चर्चमध्ये काही करावंसं वाटलं.

एकतीस वर्षं मी भूमापन कचेरीत काढली. तिथं माझं काम एकच होतं: एकाच जमिनीची दोनदा झालेली नोंद हुडकायची आणि त्यातली एक उडवायची. लोक मला 'दुबारसाहेब' म्हणायचे. पाठीमागे आणखीही काही म्हणायचे, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरात उडवण्याजोगं काही सापडलं नव्हतं. मी पाद्रीबुवांना गाठलं आणि म्हटलं, फाइल माझ्याकडे द्या, नको त्या ओळी काढून स्वच्छ करून देतो. त्यांनी आभाळाकडे पाहून सुस्कारा सोडला. चर्चच्या समितीचे अध्यक्ष हारालांब यांनी मात्र लेखी अर्ज मागितला, तोही तीन प्रतींत. ठराव झाला: 'श्री. त्रायान यांस मृतांची साफसफाई करण्यास हरकत नाही.' तो ठराव मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी तळघराची करा.

सुरुवात देखणी झाली. साधा मजकूर लिहायचा एक प्रोग्राम असतो. त्यात ओळी शोधता येतात, मोजता येतात आणि नकोशा झाल्या तर घाऊक भावात उडवता येतात. रिकाम्या ओळी सहाशे बारा निघाल्या. एक कळ दाबली, गेल्या. आकडा असलेल्या ओळी शोधल्या, तर सिमेंट, दिवे आणि विजेच्या मीटरची अकरा वर्षं एका रांगेत उभी राहिली. तीही गेली. नळवाल्याला मी जातीनं हाताने काढलं. मी इथेच थांबलो असतो तर आज माझा सत्कार झाला असता.

पण शेजारी पांतेलिमोन स्वतःचं स्टूल घेऊन आला. हा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे पडदा, बटण किंवा तार असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपला हक्क आहे असं तो मानतो. त्यानं चष्मा पुसून यादी वरून खाली पाहिली आणि पुन्हा खालून वर पाहिली.

"अरे त्रायान, यात इओन किती वेळा आहे?"

मी मोजून सांगितलं. जिवंत-मृत धरून चारशेच्या वर इओन होते आणि मारिया त्याहून जास्त.

"मग? एकदा सांगितलेलं देवाला कळत नाही? बहिरा आहे का तो?"

धर्मशास्त्रातला इतका स्वच्छ मुद्दा मी कुठल्याच प्रवचनात ऐकला नव्हता. शिवाय प्रोग्राममध्ये 'दुबार ओळी काढा' अशी आज्ञाच होती. ती वाचून मला गहिवरून आलं. जे काम करायला मला एकतीस वर्षं लागली ते एका बटणात कुणीतरी भरून ठेवलं होतं. मी बटण दाबलं. चार हजार तीनशे एक ओळी होत्या, त्यांतल्या दोनशे एकोणीस राहिल्या. मी फाइल जपून ठेवली, प्रोग्राम बंद केला आणि आम्ही दोघांनी आलुबुखारची दारू एकेक पेला घेतली.

राहता राहिल्या मूळ चिठ्ठ्या, बुटांच्या चार खोक्यांत. जुन्या चिठ्ठ्या स्वच्छ जागी जाळाव्यात असा रिवाज आहे. पांतेलिमोन म्हणाला, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, कागद कशाला हवेत, माझ्या अंगणात जाळू. त्याच्या अंगणातली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे त्याची मांस भाजायची शेगडी. आग चांगली पेटली. ती वाया कशाला घालवायची म्हणून त्यानं वर खिम्याचे मिच ठेवले. मी चार खाल्ले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

फेब्रुवारीतला पितरांचा शनिवार उजाडला. नेकुलायच्या हातात नेहमीच्या जाड गठ्ठ्याऐवजी तीन कागद होते. तो वाचू लागला आणि इओन एकदाच आला. मारियाही एकदाच. माझे गुडघे सुखावले. मी आजूबाजूला पाहिलं, तर दोघा-तिघांनी माझ्याकडे कृतज्ञतेनं मान हलवली. ही नजर मला कचेरीतल्या एकतीस वर्षांत मिळाली नव्हती.

मग नेकुलाय त्याच सुरात म्हणाला, "हारालांब." समितीचे अध्यक्ष हारालांब पहिल्या रांगेत उभे होते. "लुक्रेत्सिया." औषधांच्या दुकानातल्या लुक्रेत्सियाबाईंनी आपल्या मनगटाची नाडी धरली. "वालेरिउ." पाद्रीबुवांच्या हातातली धुपाटण्याची साखळी हलायची थांबली. नेकुलाय कुणासाठीच थांबत नव्हता. "अग्लाया," तो म्हणाला. आमच्या गावात अग्लाया नावाची बाई एकच आहे आणि ती भिंतीलगतच्या तिसऱ्या खुर्चीत बसलेली होती.

काय झालं होतं ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. 'जिवंत' आणि 'मृत' हे मथळे प्रत्येक घराच्या चिठ्ठीत होते, म्हणजे माझ्या यंत्राच्या नजरेत तेही दुबार. पहिल्या घराचे मथळे तेवढे राहिले, बाकीचे सगळे उडाले. पहिलं 'मृत' आल्यानंतर खाली सापडलेला प्रत्येक जिवंत माणूस त्याच सदरात जमा झाला होता. एका बटणात मी निम्मं गाव मारलं होतं.

सगळा विधी अकरा मिनिटांत आटोपला. मेणबत्त्या अजून बोटभरही जळल्या नव्हत्या.

पायऱ्यांवर सासूबाई काठी टेकून माझी वाट पाहत होत्या. "जावईबापू, मी कधी गेले? निदान घरात कळवायचं तरी." मी तांत्रिक कारण सांगू लागलो. त्या म्हणाल्या, कारण माहीत आहे, गेली पस्तीस वर्षं ते तुमच्या तोंडावरच लिहिलेलं आहे. त्या दिवशी त्या माझ्या गाडीत बसल्या नाहीत. मृत व्यक्तीला घाई नसते असं म्हणून चालत निघाल्या आणि मी पहिल्या गियरमध्ये मागून.

हे सगळं मी सोसलं असतं. गावात चेष्टा झाली, तीही सोसली. लुक्रेत्सियाबाईंनी मला दुकानात विचारलं, औषध जिवंतासाठी हवंय की मृतासाठी, तेही ठीक. पण त्याच शनिवारी दुपारी साफ्ताबाई माझ्या फाटकाशी आल्या. एके काळी त्यांची शेताची नोंद मी दुरुस्त केली होती, तेव्हापासून त्या मला साहेब म्हणतात. त्यांचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी प्रुत नदीत बुडाला, त्याला चाळीस वर्षं झाली. गावाला हे माहीत आहे. त्याचं नाव इओन हेही माहीत आहे.

"साहेब, आज एकच इओन वाचला."

मी म्हटलं, हो, जरा चूक झाली.

"तो कुणाचा होता?"

मी फाटकाची कडी उगाच काढली आणि परत लावली.

"माझा होता का, एवढंच सांगा. माझा असला तर मला काही म्हणायचं नाही."

जिल्ह्यातल्या कुठल्याही तुकड्याचा मालक कोण हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होतो. या एका ओळीचा मालक मला सांगता आला नाही. मला लाज वाटली, आणि ती दोन पेल्यांनीही उतरली नाही. पुढचा मोठा पितरांचा शनिवार जूनमध्ये होता. तोपर्यंत तुमचा इओन यादीत परत येईल, असं मी त्यांना वचन देऊन बसलो.

वचन देताना माझ्या डोक्यात होतं की एक बटण दाबलं तसंच दुसरं दाबायचं. पण प्रोग्राम एकदा बंद केला की मागे जायचा रस्ताही बंद होतो. 'मागे घ्या' ही आज्ञा फिकट पडून बसली होती आणि कितीही दाबली तरी हूं की चूं करत नव्हती. चिठ्ठ्यांची राख पांतेलिमोननं गुलाबांना घातली होती. नेकुलायकडची जुनी छापील यादी त्याच्या बायकोनं फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरली होती. त्यातली अठरा पानं हाती लागली, पण जिथे जिथे बरणी होती तिथे तिथे एकेक अख्खं घराणं खारट पाण्यात विरघळलं होतं.

समितीची सभा झाली. आपण हयात आहोत याची इतिवृत्तात नोंद घ्यावी, असा हारालांबांनी आग्रह धरला. मग प्रकरण वरच्या धर्मकार्यालयाकडे गेलं आणि सहा आठवड्यांनी उत्तर आलं. नावं नव्यानं लिहून घ्यावीत, पण प्रत्येक घरातल्या हयात व्यक्तीच्या सहीनिशी. आणि ज्या हयात व्यक्तींचा उल्लेख चुकून मृतांत झाला असेल, त्यांनी आपण हयात असल्याचा अर्ज ओळखपत्राच्या प्रतीसह सादर करावा. सगळ्यांनी अर्ज दिले, पाद्रीबुवांनी स्वतःचा स्वतःकडेच. सासूबाई तेवढ्या अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, मेलेली बाई अर्ज कसा करणार. ज्यानं मारलं त्यानं सिद्ध करावं.

ईस्टर उलटल्यावर मी चर्चच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं आणि रोज दुपारी कॉम्प्युटर घेऊन बसू लागलो. वाटलं होतं, चार दिवसांचं काम. पण आमच्याकडे कुणी नुसतं नाव सांगत नाही. नावाबरोबर तो माणूस कसा गेला, काय खाऊन गेला, डॉक्टर काय म्हणाला आणि शेवटी कोण भेटायला आलं नाही, हेही सांगतात. एका बाईला नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं नाव वगळायचं होतं, कारण वरही ती मध्ये मध्ये करेल. एका गृहस्थानं भावाचं नाव मृतांत लिहायला सांगितलं. चौकशी केली तर भाऊ पलीकडच्या गल्लीत धडधाकट. हे म्हणाले, माझ्यापुरता मेला. मी म्हटलं, काका, त्या चुकीसाठीच मी इथे बसलोय.

पांतेलिमोन स्टूल घेऊन शेजारी होताच. प्रत्येक इओनला क्रमांक द्यावा म्हणजे पुन्हा घोटाळा नको, असं त्यानं सुचवलं. नेकुलाय पुढे मागे नक्की 'इओन बेचाळीस' असं गाईल, हे मला स्पष्ट ऐकू आलं. मी त्याला घरी पाठवलं. तो गेला, पण स्टूल ठेवून गेला, म्हणजे परत येणार.

साफ्ताबाईंनी आपलं एकच नाव सांगितलं. मी लिहिलं. त्या पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या. "यातला माझा कुठला?" मी मृतांच्या यादीत इओन शोधला तर प्रोग्रामनं दाखवलं: एकशे बारावा. मी म्हटलं, बाई, यापुढची नावं खाली जातील, तुमचा एकशे बारावाच राहील. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि रुमालाला गाठ मारली. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला आपल्या माणसाचा क्रमांक हवा होता. बायका आपापसात 'माझी एलेना सत्ताविसावी' असं बोलू लागल्या. ज्यांनी आयुष्यात कधी चिठ्ठी दिली नव्हती तेही रांगेत आले.

जूनमधल्या त्या शनिवारच्या आदल्या दिवशी दुपारी यादी पुरी झाली. आधीच्या यादीपेक्षा ती नऊशे ओळींनी लांब होती. एकच घर राहिलं होतं, ते माझं. मी स्वयंपाकघरात कॉम्प्युटर ठेवला आणि सासूबाईंसमोर बसलो. म्हटलं, अर्ज नको, सही नको, नुसती नावं सांगा. त्या भाजीचे देठ काढत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगायला सुरुवात केली. जिवंतांत आपलं नाव दोनदा लिहायला लावलं, खबरदारी म्हणून. मग आपली लेक लेनूत्सा. आणि त्यानंतर, जराशा नाखुशीनं, त्रायान. मग मृत: त्यांचे यजमान, आई, वडील, दोन भाऊ.

"आणि मारिया," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कोण मारिया? तुमच्याकडे तर कुणी मारिया नव्हती.

"तुमची आई, दुसरी कोण? तुम्हाला काही कधी सुचलं नाही. म्हणून मीच लिहीत होते, ती गेली तेव्हापासून."

मी कॉम्प्युटर जरा बाजूला सरकवला.

"फेब्रुवारीत एकच मारिया वाचली, तेव्हाच मी म्हटलं, ही काही तुमची नाही. ती बाई कुठल्याच रांगेत पुढे घुसणारी नव्हती. लिहा आता, भाजी सुकतेय."

माझ्या आईला जाऊन चौदा वर्षं झाली. वर्षातून इतके शनिवार मी त्या चर्चमध्ये उभा राहिलो, तिचं नाव दर वेळी वाचलं गेलं आणि मी घड्याळ पाहत होतो. पुढे हिशेब नीट करायचा म्हणून मी बटण दाबून तिलाही उडवलं होतं. मी मारिया लिहिलं. शोधून पाहिलं, तर मृतांतल्या तीनशे चाळीसपैकी तीनशे चाळिसावी. यादीतलीही शेवटची ओळ तीच होती. प्रोग्रामनं खाली बारीक अक्षरांत सांगितलं की ही ओळ दुबार आहे, काढायची का? मी त्याला जे बोललो ते सासूबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

शनिवारी चर्च शिगोशीग भरलं होतं. अंगणात टेबलांवर मृतांच्या नावानं वाटायचे मातीचे पेले आणि लाकडी चमचे मांडलेले. नेकुलाय वाचू लागला आणि सगळं चर्च बोटांवर मोजू लागलं. विसाव्या मिनिटाला त्यानं दोन पानं एकदम उलटली. "अकरा एलेना गेल्या," असं तीन दिशांनी एकाच वेळी ऐकू आलं. पानं चिकटतात, नेकुलाय पुटपुटला. गेली अकरा वर्षं ती किती वेळा चिकटली असतील याचा सगळ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि पाद्रीबुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानंतर प्रत्येक पान सुटंच निघालं. एकशे बाराव्या इओनला साफ्ताबाईंनी रुमालाची गाठ सोडली. चेहरा हलला नाही. फक्त माझ्याकडे पाहून एकदा मान हलवली.

तीन तास दहा मिनिटं झाली. एक म्हातारे काका मोजता मोजता झोपले. मी तीनशे एकोणचाळीसवर होतो. नेकुलायचा आवाज बसला होता. त्यानं घाम पुसला, कागद सारखे केले आणि कोलिव्याच्या टेबलाकडे वळला.

"थांबा," कुणीतरी म्हणालं. "एक मारिया राहिली."

चर्च वळून पाहू लागलं, तेव्हा मला कळलं की ते मीच म्हणालो. शेकडो मारियांची एक करणारा माणूस उरलेल्या एकीसाठी पाठकाला अडवून उभा होता. मागे कुणीतरी हसलं. नेकुलायनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, शेवटचा कागद पुन्हा उघडला आणि अगदी तळाशी बोट नेलं.

"मारिया," तो म्हणाला.

मी क्रूसाची खूण केली. तिसऱ्या खुर्चीतून सासूबाई पुढे वाकल्या आणि काठीनं माझ्या बुटाला हलकेच ढोसलं.

"काय जावईबापू, आज गुडघे नाही दुखले?"